आकाशातले संप आणि जमिनीवरच्या वाटाघाटी

बरकतपुऱ्याच्या चमनपासून आत वळले की एका गल्लीत आमच्या जुन्या स्नेह्यांचे घर लागते. पूर्वीच्या बैठ्या घराच्या जागी आता चार मजली इमारत उभी राहिली आहे. परंतु रविवारी संध्याकाळी आल्यागेल्यासाठी दार उघडे ठेवण्याची त्या घराची रीत काही मोडलेली नाही. घरचे कर्ते, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, एका कारखान्याच्या कामगार विभागात पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. युनियनच्या पुढाऱ्यांसमोर व्यवस्थापनाच्या बाजूने बसण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांचा धाकटा मुलगा एका खाजगी विमान कंपनीत सहवैमानिक आहे. बाप टेबलाच्या एका बाजूस आणि मुलगा दुसऱ्या बाजूस, असा योग एका छपराखाली क्वचितच जुळून येतो.

मागच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा या दोघांत थोडे गरम बोलणे चालले होते. पगार आणि विश्रांती यांबद्दलच्या मागण्या मान्य होत नसतील, तर एका ठरावीक दिवशी सर्वांनी आजारपणाची रजा टाकावी, असे मुलाच्या बरोबरीच्या काही वैमानिकांनी मनात घेतले होते. मुलाचे मन द्विधा झाले होते.

"सगळे टाकणार आहेत, बाबा. मी एकट्यानं टाकली नाही, तर उद्या शेजारी बसणाऱ्या कॅप्टनला तोंड कसं दाखवू?"

"आणि खोटी रजा टाकलीस, तर आरशाला कसं दाखवशील?" अण्णा म्हणाले.

वहिनींनी पोह्यांच्या बशा आणून मध्ये ठेवल्या, म्हणून ते बोलणे तेवढ्यावर थांबले. परंतु प्रश्न काही आमच्या डोक्यातून गेला नाही. आपल्या मंडळींपैकी कितीतरी घरांतली मुले-मुली आज विमान कंपन्यांत आहेत. कुणी वैमानिक, कुणी अभियंता, कुणी कर्मचारी विभागात. शिवाय पुण्यामुंबईच्या लग्नकार्यांना विमानाने जाणे हीही आता नवलाई राहिलेली नाही. तेव्हा वैमानिक आणि व्यवस्थापन यांच्या वाटाघाटी हा केवळ वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा विषय नव्हे. तो आपल्या घरातलाच विषय आहे. म्हणून आम्ही अण्णांची जुनी कात्रणे चाळली, त्यांच्याकडून कायद्याची कलमे समजावून घेतली, आणि जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बेगमपेठेचा वारसा

हैदराबादकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. निजामाच्या राजवटीत, १९४५ साली, येथे डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी स्थापन झाली. तिच्यात निजामाच्या रेल्वेचा मोठा वाटा होता आणि टाटांचे सहकार्य होते. बेगमपेठेच्या विमानतळावरून तिची विमाने १९४६ पासून उडू लागली. प्रेम माथूर या भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिकांना १९४७ मध्ये नोकरी दिली ती याच कंपनीने. पुढे १ ऑगस्ट १९५३ रोजी विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनली, तीत डेक्कन एअरवेज विलीन झाली. आणि परदेशी उड्डाणे एअर इंडियाकडे राहिली. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना शिकविणारे केंद्रही कालांतराने आमच्या हैदराबादेतच, फिरोजगुड्याला उभे राहिले.

राष्ट्रीयीकरणाने एक गोष्ट झाली, आणि पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ तीत आहे. देशात नोकरी देणारा एकच उरला. वैमानिकाला दुसरी कंपनी नाही आणि कंपनीला दुसरा वैमानिक नाही! नवरा-बायकोला माहेर आणि बैठक दोन्ही नसावीत, तशातली ही गत. अशा संसारात एकमेकांना सोडून जाता येत नाही; मग एकतर बोलावे लागते, नाहीतर अबोला धरावा लागतो. देशांतर्गत वैमानिकांनी इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन ही आपली संघटना केली. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड ही वेगळी. दोन महामंडळे, दोन संघटना आणि दोन वेतनश्रेण्या. या दोन ओळी समांतर चालल्या होत्या तोवर ठीक होते. त्या एकत्र आणण्याचा दिवस उजाडला तेव्हा काय झाले, ते पुढे सांगू.

पगाराचे गणित

"लाखांत पगार घेणारे हे लोक, यांना संप कसला सुचतो?" असे आपण दिवाणखान्यात बसून सहज म्हणतो. आम्हीही म्हणत असू. अण्णांनी मात्र आम्हांला दुरुस्त केले. ते म्हणाले, "पगार मोठा की लहान, यावर कामगार ठरत नाही. कामाचा प्रकार कोणता, यावर ठरतो." १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कसबी आणि तांत्रिक काम करणाऱ्याला कामगार मानले, पगाराची मर्यादा घातली ती देखरेख करणाऱ्यांपुरती. विमान चालविणे हे कसब नव्हे, तर मग कसब कशाला म्हणावे?

शिवाय वैमानिकाच्या पगाराची घडण आपल्या नोकऱ्यांसारखी नसते. त्याचा एक भाग बांधलेला असतो आणि दुसरा, बहुधा मोठा भाग, उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. वर्षाकाठी एक हजार तासांहून अधिक उड्डाण करण्यास नियमांनी मनाई आहे. म्हणजे कमाईला वरून झाकण आहे. खालून मात्र आधार असतो तो कंपनीने हमी दिलेल्या तासांचा. ही हमी किती तासांची, हा वाटाघाटींतला कळीचा मुद्दा. २०२४ साली विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन होण्याच्या बेतात असताना नव्या करारात हमीचे तास सत्तरावरून चाळीस करण्यात आले. त्याबरोबर वैमानिकांत असंतोष पसरला आणि त्या वर्षीच्या एप्रिलात कितीतरी उड्डाणे रद्द करावी लागली. दर तासाचा भाव तोच ठेवून नुसते हमीचे तास कमी केले, तरी घरखर्चाचा पाया हलतो, हे आपणां मध्यमवर्गीयांना समजण्यास कठीण नाही.

दुसरा मुद्दा सेवाज्येष्ठतेचा. सहवैमानिक उजव्या आसनावर बसतो, कॅप्टन डाव्या. उजवीकडून डावीकडे जाण्यास वर्षे लागतात, आणि ती वाट ज्येष्ठतेच्या यादीतून जाते. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळे शिक्षण आणि वेगळा परवाना लागतो. म्हणून मोठ्या विमानाच्या शिक्षणाला आधी कुणी जायचे, यावर पुढच्या वीस वर्षांचे मान-धन ठरते. तिसरा मुद्दा विश्रांतीचा. आणि या सर्वांवर टांगलेली तलवार म्हणजे वैद्यकीय तपासणी. डोळ्यांत वा हृदयात थोडे न्यून निघाले की परवाना थांबला. घेतलेले कर्ज मात्र थांबत नाही. अण्णांचा मुलगा म्हणाला, "काका, आमच्या मागण्यांच्या यादीत पगार वर लिहिलेला असतो. पण भांडण बहुतेक वेळा खालच्या ओळींवर असतं."

हैदराबादहून दिल्लीला गेलेले विमान

आता १९९३ च्या जानेवारीकडे वळू. आमच्यातील प्रौढ वाचकांना तो हिवाळा आठवत असेल. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला. त्या वेळी नागरी विमानवाहतूक खाते होते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांकडे; आणि पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव, ज्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीशी या ना त्या नात्याने बांधलेले हे दोन पुरुष या पेचाच्या एका टोकाला होते, याची नोंद येथे केली पाहिजे.

शिंद्यांनी नमते घेण्याचे नाकारले. वैमानिक येत नाहीत तर विमाने त्यांच्या वैमानिकांसह बाहेरून भाड्याने आणू, असा पवित्रा सरकारने घेतला. त्याप्रमाणे उझबेकिस्तान एअरवेजची तुपोलेव्ह-१५४ जातीची विमाने आली. ९ जानेवारी १९९३ रोजी यांपैकीच एक विमान आमच्या बेगमपेठेवरून दिल्लीला निघाले. दिल्लीवर दाट धुके होते. उतरताना विमान धावपट्टीबाहेर टेकले, उलटले आणि पेटले. विमानात १६५ माणसे होती. आणि देवाची करणी अशी की, सारीच्या सारी जिवंत बाहेर आली. विमानाचा मात्र सांगाडा उरला.

अपघात धुक्यात झाला, वाटाघाटींत नव्हे, हे खरे. संपावरच्या वैमानिकांनी तो घडविला नाही आणि मंत्र्यांनीही नाही. परंतु त्या दिवशी त्या धावपट्टीवर ते परके विमान, ते परके वैमानिक का होते, या प्रश्नाचे उत्तर टेबलापाशीच शोधावे लागते. शिंद्यांना हे उमगले असावे. त्यांनी तत्काळ राजीनामा दिला आणि नरसिंह रावांनी तो स्वीकारला. आपल्या देशात मंत्र्याने नैतिक जबाबदारी घेऊन खुर्ची सोडण्याचे प्रसंग मोजकेच. त्यांत हा एक.

अण्णांनी या प्रसंगावर एक वाक्य उच्चारले. "टेबलावरच्या दोघांनी जेव्हा ठरवलं की समोरच्याशिवाय आपलं चालतं, तेव्हा तिसऱ्याचा जीव टांगणीला लागला." तिसरा म्हणजे अर्थातच तिकीट काढून बसलेला माणूस. वाटाघाटींत त्याला खुर्ची नसते.

पुढच्याच वर्षी, १९९४ साली, राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. त्या काळात इंडियन एअरलाइन्सचे अनेक अनुभवी वैमानिक तिकडे गेले. ज्या संसारात सोडून जाता येत नव्हते, त्याला आता मागचे दार फुटले होते.

आजारपणाचा संप

वैमानिकांच्या अलीकडच्या बहुतेक संपांना संप म्हणतच नाहीत. शेकडो वैमानिक एकाच सकाळी आजारी पडतात, इतकेच! हे ढोंग कोठून आले, ते समजून घेण्यासारखे आहे.

१९४७ च्या कायद्याने विमानसेवा ही लोकोपयोगी सेवा मानली. अशा सेवेत संप करायचा तर आधी नोटीस द्यावी, नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावे, असा दंडक होता. नोटीस समेट अधिकाऱ्याच्या हाती पडली की समेटाची बोलणी कायद्याने सुरू होत. आणि बोलणी चालू असेपर्यंत व ती संपल्यावर सात दिवस संपास बंदी. हेतू उदात्त होता. दोघांनी आधी बोलावे, मग भांडावे. परंतु व्यवहारात असे झाले की, नोटीस देणे म्हणजेच संपाचे दार आपल्या हाताने लावून घेणे. बोलणी लांबत गेली की दार बंदच. म्हणून मग संघटनांनी खिडकी शोधली, आणि ती खिडकी म्हणजे आजारपणाची रजा.

२००९ साली जेट एअरवेजमध्ये हेच घडले. तेथील वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना स्थापली. तिच्या दोन पदाधिकाऱ्यांना कंपनीने कामावरून कमी केले. त्यांना परत घ्या, एवढ्या एका मागणीवर प्रकरण तापले. समेटाची बोलणी झाली, मुंबई उच्च न्यायालयाने संपास मनाई केली, आणि ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक आजारी पडले. पाच दिवस हजारो प्रवासी विमानतळांवर ताटकळले. आणि शेवट? १३ सप्टेंबरच्या सुमारास दोन्ही बाजू एकत्र बसल्या, काढलेल्या वैमानिकांना परत घेण्याचे ठरले आणि यापुढे तक्रारींचा विचार एकत्र बसून करण्यासाठी एक मंडळ नेमण्याचे ठरले. म्हणजे जे पहिल्या दिवशी करता आले असते, ते सहाव्या दिवशी झाले.

आता दोन समांतर ओळींकडे. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. कागदावर कंपनी एक झाली. पण ज्येष्ठतेच्या याद्या दोन, वेतनश्रेण्या दोन आणि संघटनाही दोनच राहिल्या. एकत्र कुटुंबात दोन चुली पेटत्या ठेवून नुसते नाव एक केले, तर काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गोष्ट गेली. दहा दिवसांनी, ६ मे रोजी, संप मिटला तो पुन्हा बोलण्यांनीच. मान्यता परत मिळाली, बडतर्फी मागे घेण्याचे ठरले आणि वेतनाचा प्रश्न एका समितीकडे सोपविण्यात आला.

या समितीचे अध्यक्ष होते न्या. डी. एम. धर्माधिकारी. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, गुजरातचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, अशी त्यांची वाटचाल. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आपल्या गुणांनी मान मिळविलेले हे एक मराठी आडनाव. त्यांच्या समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला.

परंतु तोवर दुसरी चूल भडकली होती. बोइंग ७८७ हे नवे विमान येऊ घातले होते. त्याच्या शिक्षणाला दोन्हीकडच्या वैमानिकांना पाठवायचे, यास जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या गिल्डने विरोध केला. वर सांगितलेला ज्येष्ठतेचा मुद्दा तो हाच. ८ मे २०१२ रोजी हे वैमानिक आजारी पडले, आणि ते आजारपण ५८ दिवस टिकले! गिल्डची मान्यता गेली, १०१ वैमानिक बडतर्फ झाले, परदेशी उड्डाणे कोलमडली. जुलैच्या आरंभी दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिकांनी कामावर परतण्याची हमी दिली, आणि बडतर्फ वैमानिकांसह साऱ्यांच्या गाऱ्हाण्यांचा सहानुभूतीने विचार करावा, असे न्यायालयाने व्यवस्थापनास सांगितले. ५८ दिवसांत वैमानिकांच्या पदरी काय पडले, आणि कंपनीने काय जिंकले, याचे उत्तर दोघांनाही अभिमानाने देता आले नसते.

त्यानंतर कायदाही बदलला. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४७ चा अधिनियम इतिहासजमा झाला. नव्या संहितेने संपाच्या नोटिशीचे बंधन साऱ्याच औद्योगिक आस्थापनांना लावले. शिवाय निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच, अशी व्याख्या केली. म्हणजे खिडकीलाही गज बसू लागले. पण खिडकीला गज बसविताना दार उघडण्याची सोय कुणी करावयाची?

उशिरा आलेले शहाणपण

जेटच्या कथेला एक उत्तरार्ध आहे, आणि तो आम्हांला सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो. २०१९ च्या आरंभी ती कंपनी कर्जात बुडाली होती. वैमानिकांचे पगार कित्येक महिने थकले होते. ३१ मार्चपर्यंत पगार न मिळाल्यास उड्डाण नाही, असे गिल्डने जाहीर केले. परंतु तो दिवस उजाडला तेव्हा त्यांनी मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढविली, आणि ती मुदत भरत आली तेव्हा पुन्हा पुढे ढकलली. कंपनी जगावी म्हणून, हजारो सहकाऱ्यांची चूल पेटती राहावी म्हणून, ही माणसे बिनपगारी उडत राहिली. दोघा सहकाऱ्यांसाठी २००९ साली अख्खी कंपनी थांबविणारी संघटना ती हीच. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उतरले. आता भांडायला समोर कुणी उरले नव्हते. समोरचा पक्ष हा शत्रू नसून भांडण्यासाठीसुद्धा तो जगावा लागतो, हे त्या दिवशी दोन्ही बाजूंना कळले असेल.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. वैमानिकांच्या थकव्याबद्दल त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे ओरडत होत्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. अखेर नवे नियम दोन टप्प्यांत, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून, लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीची विमाने उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठी कंपनी इंडिगो हिची उड्डाणे कोसळू लागली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक रद्द झाली. कंपनीने नियोजनातील चूक मान्य केली आणि सरकारी नियामकाने तिला काही नियमांतून तात्पुरती सवलत दिली. येथे संप नव्हता, नोटीस नव्हती, आजारपणही नव्हते. होता तो केवळ विश्रांतीचा हिशोब, जो वेळेवर मांडला गेला नाही. शमशाबादच्या विमानतळावर त्या दिवसांत बॅगांवर डोके टेकून बसलेल्या माणसांना हा हिशोब कुणी विचारला नव्हता. फेडावा मात्र त्यांना लागला.

या सर्व प्रकरणांतून आम्ही एकच गोष्ट घेतली. १९९३ पासून आजवर बडतर्फी झाली, मान्यता काढल्या गेल्या, परकी विमाने आली, न्यायालयांचे आदेश निघाले, खोट्या रजा टाकल्या गेल्या. यांपैकी कशानेही प्रश्न सुटला नाही. जो काही सुटला तो माणसे समोरासमोर बसल्यावर, किंवा दोघांना मान्य अशा तिसऱ्या शहाण्याला मध्ये घातल्यावर. टेबलापर्यंत जावे लागणारच असेल, तर ते नुकसान करून घेऊन जावे की आधी, एवढाच काय तो निवडीचा भाग.

पुन्हा बरकतपुऱ्यात

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा अण्णांकडे गेलो. आमच्या या लेखाचा खर्डा आम्ही त्यांना वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही लिहिलंत ते ठीक आहे. पण व्यवस्थापनाची बाजू थोडी सौम्य केलीत. मी त्या खुर्चीत बसलेला माणूस आहे. आम्ही बोलणी लांबवत असू, कारण लांबवण्यात आमचा फायदा असे. समोरचा खोटं बोलला, तर त्याला खोटं बोलायला आम्हीच शिकवलेलं असतं." पस्तीस वर्षांनंतर दिलेली ही कबुली ऐकून मुलगाही चपापला.

येथून हाकेच्या अंतरावर भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय आहे. रोज सकाळी तेथे निवृत्त कामगारांची, विधवांची, बंद पडलेल्या कंपन्यांच्या माणसांची रांग लागते. अण्णांनी त्या दिशेला बोट केले. "ती रांग बघ. भांडून जिंकलेले आणि भांडून हरलेले, शेवटी एकाच खिडकीवर येतात. तिथं खरं एवढंच विचारतात की नोंद बरोबर आहे ना. म्हणून सांगतो, सही करायची तर मागणीच्या पत्रावर कर, नोटिशीवर कर. दोन्हीवर तुझं नाव असू दे. आजारपणाच्या अर्जावर करू नकोस. तू खरोखर थकला असशील, तर थकलोय असं लिहून दे आणि विमानात बसू नकोस. तो तुझा हक्क आहे आणि तुझं कर्तव्यही."

"आणि ती नोटीस सहा महिने धूळ खात पडली तर?" मुलाने विचारले.

अण्णांपाशी याचे तयार उत्तर नव्हते. "तर पुन्हा दे," एवढेच ते म्हणाले. आणि हे उत्तर पुरेसे नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांला दिसले.

इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी तेव्हा बोलल्या. "तुम्ही दोघं काय ते ठरवा. पण पुढच्या महिन्यात ताईंच्या नातीचं लग्न आहे नागपूरला, आमची तिकिटं काढलेली आहेत. तुमच्या त्या टेबलावर आमच्यासाठी कुणी बोलणार आहे का?"

आम्ही सारे हसलो. परंतु परतताना चमनपाशी रिक्षाची वाट पाहत उभे असता ते हसू ओसरले, आणि वहिनींचा प्रश्न तेवढा बरोबर आला. मुलाने सही कुठे केली, हे आम्ही विचारलेले नाही. तो त्याचा अधिकार आहे. एवढे मात्र कळले की, त्या रात्री बापलेक उशिरापर्यंत गच्चीवर बोलत बसले होते. पस्तीस वर्षे टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस आपल्या मुलाला मागणीचे पत्र कसे लिहावे, ते समजावून सांगत होता.